पहिल्या घराचं कर्ज आणि सरकारचा हातभार : २००८ ते २०२४

२००८च्या अखेरीस केंद्र सरकारने शहरी गरिबांच्या गृहकर्जावर पाच टक्के व्याज-अनुदान देणारी योजना आणली. अनुदान मिळायचं ते कर्जातल्या पहिल्या एक लाखावर. मुंबई-पुण्यात तेवढ्या पैशांत घर मिळण्याची शक्यता तेव्हाही नव्हती. २०१३ साली राजीव ऋण योजनेत ही मर्यादा पाच लाखांवर गेली. पण सामान्य माणसाच्या तोंडी ‘होम लोनची सबसिडी’ हे शब्द आले ते त्यानंतर, पंतप्रधान आवास योजनेमुळे.

२५ जून २०१५ रोजी ही योजना जाहीर झाली. तिच्या शहरी भागाचे चार घटक होते आणि कर्जाशी जोडलेलं व्याज-अनुदान हा त्यांपैकी एक. वार्षिक उत्पन्न सहा लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाला सहा लाखांच्या कर्जापर्यंत साडेसहा टक्के सवलत मिळे. मुख्य अट कडक होती : नवरा, बायको किंवा अविवाहित मुलं, कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर असता कामा नये.

या सवलतीबद्दल अनेकांचा गैरसमज झाला. बँक साडेसहा टक्के कमी दराने कर्ज देईल, असं लोक धरून चालले. प्रत्यक्षात व्याजाचा दर होता तोच राहायचा. वीस वर्षांत मिळू शकणाऱ्या सवलतीची आजची किंमत काढून ती रक्कम एकदम कर्जखात्यात जमा होई आणि मुद्दलातून वजा होई. जास्तीत जास्त रक्कम होती सुमारे २ लाख ६७ हजार. नऊ टक्के दराने, वीस वर्षांसाठी घेतलेल्या सहा लाखांच्या कर्जाचा हप्ता ५,४०० रुपयांच्या आसपास बसतो. अनुदान जमा झाल्यावर तो ३,००० पर्यंत उतरे. तुटपुंज्या पगारात महिन्याला वाचलेल्या या २,४०० रुपयांत मुलांची फी निघते.

२०१७ पासून मध्यमवर्गालाही दार उघडलं. बारा लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना नऊ लाखांच्या कर्जावर चार टक्के आणि अठरा लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना बारा लाखांवर तीन टक्के. घराच्या क्षेत्रफळाची मर्यादा दोनदा वाढून २०१८ साली वरच्या गटासाठी २०० चौरस मीटर झाली, म्हणजे दोन हजार चौरस फुटांहून अधिक कार्पेट. वन बीएचकेसाठी धडपडणाऱ्याच्या नावाने सुरू झालेली मदत इथे भरकटली, असं माझं ठाम मत आहे. मध्यमवर्गाची सवलत मार्च २०२१ मध्ये आणि कमी उत्पन्न गटांची मार्च २०२२ मध्ये थांबली. मूळ योजनेला पुढे डिसेंबर २०२४ पर्यंत मुदतवाढ मिळाली, पण तिच्यातून व्याज-अनुदान वगळलं गेलं. नेमक्या त्याच काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि हप्ते फुगले.

१ सप्टेंबर २०२४ पासून योजनेची दुसरी आवृत्ती लागू झाली. आता उत्पन्नाची मर्यादा नऊ लाख, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत. पहिल्या आठ लाखांवर चार टक्के सवलत, एकूण जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. अनुदानाचा हप्ता जमा होताना कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल शिल्लक असावं लागतं. त्यामुळे बोनस हातात आला की तो कर्जात भरून टाकणाऱ्याने आधी हा हिशेब करायला हवा. मुंबईकरासाठी ३५ लाखांची मर्यादा म्हणजे बहुतेक वेळा शहर सोडून बाहेर घर शोधणं.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाची वाटते ती २०१५ची एक अट. कमी उत्पन्न गटातल्या कुटुंबाने घर घेताना ते घरातल्या बाईच्या नावावर किंवा तिच्यासह संयुक्त नावावर असणं बंधनकारक झालं. अनुदान एकदा मिळतं आणि हप्त्यांत विरून जातं. खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, म्हणजे ‘इंडेक्स टू’वर, लागलेलं तिचं नाव मात्र पुढचे सगळे कौटुंबिक वाद, वारसाहक्क आणि म्हातारपण यांत तिच्या बाजूने उभं राहतं. महाराष्ट्राने २०२१ पासून महिला खरेदीदाराला मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सूट दिली, ती याच दिशेने.

पण दोन अडचणी इतक्या वर्षांनंतरही जागच्या जागी आहेत. पहिली, हातातल्या रकमेची. २५ लाखांच्या घरासाठी बँक जास्तीत जास्त नव्वद टक्के कर्ज देते. उरलेले अडीच लाख आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी धरून चार लाखांच्या वर रोकड आधी उभी करावी लागते, आणि अनुदान येतं कर्ज सुरू झाल्यावर. दुसरी, उत्पन्नाच्या पुराव्याची. योजनेला उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र चालत असे. बँक मात्र पगाराची स्लिप आणि प्राप्तिकर रिटर्न मागते. भाजीवाली, रिक्षावाला, रोजंदारीवरचा गवंडी इथेच अडतो. त्याला कर्जच मिळालं नाही, तर व्याजाची सवलत कशावर मिळणार?

म्हणून पुढचं पाऊल याच दोन ठिकाणी पडायला हवं. अनुदानाचा पहिला हप्ता करारनाम्याच्या वेळीच मिळावा, आणि रोख कमावणाऱ्याची नियमित बचत व वेळेवर भरलेलं भाडं हा बँकेने पुरावा मानावा. व्याज हलकं करायला सरकार शिकलं आहे. आता ज्याला बँकेच्या दारातूनच परत यावं लागतं, त्याच्यासाठी योजना आखली पाहिजे.