पहिलं बाळंतपण कोणत्या गावी?

लेकीच्या प्रवेशासाठी 'कास्ट व्हॅलिडिटी' काढायची म्हटलं, की घरातल्या जुन्या पेट्या उपसल्या जातात. आमच्याकडेही तेच झालं. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, तोही वडिलांकडचा. सासऱ्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीचा रकाना कोरा. मग उरलं कोतवाल बुक.

आपल्या वऱ्हाडातली ही मोठी ठेव आहे बरं का! गावात कोणी जन्मलं, कोणी गेलं, की कोतवाल बुकात नोंद व्हायची. जुनी बुकं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असतात, अर्ज केला की नक्कल मिळते. सासऱ्यांचं गाव अकोला जिल्ह्यातलं. त्या गावची पानं आम्ही पाहून पाहून थकलो. नोंदच नाही!

ऐंशीच्या घरातल्या आतेसासूबाईंना सांगितलं, तर त्या हसल्याच. "तथी काहाले पाह्यता वं सूनबाई? पह्यलं बायंतपन माहेरात होत असे. माहा भाऊ त्याच्या मामाच्या गावात झाला!"

मामाचं गाव अमरावती जिल्ह्यात, दर्यापूरच्या बाजूला. तिथल्या बुकात नोंद निघाली. तारीख, बापाचं नाव, जात आणि 'मुलगा 1'. बारसं व्हायचं होतं, म्हणून मुलाचं नाव नाही, हे समजू शकते. पण जन्म देणारीचंही नाव नाही! गाव तिचं, घर तिच्या बापाचं, बाजेवर ती. कागदावर मात्र अकोल्याकडे बसलेला नवरा. त्याचं नाव घ्यायला तिला उखाणा लागायचा, तो भाग वेगळा.

बापाचं नाव असू नये असं माझं म्हणणं नाही, त्याच नावावर तर लेकीचं काम झालं. पण ते नाव ज्या पानावर होतं, तिथवर पोचायला पणजीचं माहेरच ठाऊक असावं लागलं. आणि ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

आता दिवस बदललेत. 1969 च्या कायद्याप्रमाणे होणाऱ्या जन्मनोंदणीत आईचं नाव असतं. 2015 मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानं, एकट्या आईनं बापाचं नाव न सांगताही बाळाचा जन्मदाखला मिळाला पाहिजे, असं सांगितलं. आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव येतं, मग बापाचं. पण आज्या-पणज्यांचं काय?

मी एक दोनशे पानी वही केली. घरातल्या प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव, गाव, भावाचं नाव आणि कोणतं लेकरू कुठे झालं, ते आतेसासूबाईंना विचारून लिहिते. त्यांच्या आईचं पान आलं तेव्हा त्या थबकल्या. सासरी ठेवलेलं नाव तोंडावर होतं. माहेरचं काही केल्या आठवेना. दर्यापूरकडे मामांची सून आहे म्हणतात. येत्या रविवारी आम्ही दोघी तिला विचारायला जाणार आहोत.