विटांची चालती गाडी

डेन्मार्क देशातील बिलुंड गावी ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचा सुतार १९३२ सालापासून लाकडी खेळणी बनवू लागला. त्याच्याच 'लेगो' कारखान्यातील प्लॅस्टिकच्या विटांना १९५८ साली आजचे रूप मिळाले. १९७७ साली आस व दातेरी चाके असलेले संच निघाले. त्यांना विजेची मोटर जोडली, की विटांची गाडी चालू लागते.

मोटर वेगाने फिरते, परंतु तिचा जोर बेताचाच असतो. ती गाडीच्या आसास थेट जोडल्यास गाडी सपाटीवर धावते, पण चढावर अडते. अशा वेळी मोटरीच्या आसावर ८ दातांचे व गाडीच्या आसावर २४ दातांचे चाक बसवितात. लहान चाकाच्या ३ फेऱ्यांत मोठ्याची १ फेरी होते. वेग तिसऱ्या हिश्शावर येतो. जोर मात्र जवळजवळ तिप्पट होतो आणि तीच गाडी चढ चढते.

काही हौशी लोक अशा गाड्यांचा संग्रह करतात; काही त्या मोडून त्याच विटांची यारी उभारतात. १९५८ सालची वीट आजच्या विटेतही बसते. म्हणून जुना संच वाया जात नाही. अडलेली गाडी टाकून न देता ती उकलावी, अडण्याचे कारण शोधावे व पुन्हा जोडावी, हेच या छंदाचे खरे शिक्षण होय.