आरोपी फरार आहे

यवतमाळ जिल्ह्यातील कळंबच्या चिंतामणीचे दर्शन घेऊ इच्छिणारास प्रथम खाली उतरावे लागते. भूमीच्या पातळीखाली असलेल्या त्या मंदिरात एकेक पायरी उतरताना बाजाराचा कोलाहल मागे पडत जातो, आणि समोर कोणाची मूर्ती आहे हे पूर्णपणे ठाऊक असूनही मनात किंचित उत्कंठा दाटून येते. गेल्या ऑक्टोबरात, वाचन प्रेरणा दिनाच्या निमित्ताने, याच गावातील एका लहानशा वाचनालयात तीन घडवंच्या उतरत्या उंचीने लावून वरच्यावर विज्ञानकथा, मधल्यावर रहस्यकथा आणि अगदी खालच्या, खिडकीच्या उजेडाबाहेरच्या घडवंचीवर भयकथा मांडलेल्या पाहिल्या, तेव्हा मला त्या पायऱ्या आठवल्या. हा योग ग्रंथपाल बाईंनी बुद्ध्या साधला होता की घडवंच्याच तशा मिळाल्या होत्या, हे मी विचारले नाही.

ही पुस्तके त्यापूर्वी मागच्या कपाटात होती. मराठी वाचनालयात रहस्यकथेचे स्थान काहीसे चमत्कारिक आहे. दर्शनी कपाटात जाडजूड चरित्रे आणि समग्र वाङ्मयाचे खंड विराजमान असतात, त्यांच्या तारीखपत्रकावर वर्षानुवर्षे एखाददुसराच शिक्का उमटतो. आणि ज्या पुस्तकांच्या पानांचे कोपरे हाताळून हाताळून गोल झाले आहेत, ती बाबूराव अर्नाळकरांची, गुरुनाथ नाईकांची, सुहास शिरवळकरांची पुस्तके मात्र पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नयेत अशा बेताने ठेवलेली असतात. हजारावर रहस्यकथा लिहून झुंजार आणि काळापहाड यांना घरोघरी पोहोचविणाऱ्या अर्नाळकरांना साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कधी लाभले नाही. यवतमाळास १९७३ आणि २०१९ अशी दोन संमेलने भरली. एकाचे अध्यक्ष गदिमा, दुसऱ्याच्या अरुणा ढेरे. दोन्ही निवडी यथायोग्यच, आणि माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. ज्या पुस्तकांनी लक्षावधी माणसांना वाचनाची गोडी लावली, त्यांच्याविषयी वाचनालयांनीच लाज का बाळगावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

मांडणीच्या कामाला बसलो तेव्हा पहिली अडचण निराळीच निघाली. पुस्तक मांडायचे म्हणजे मुखपृष्ठ समोर येईल असे उभे करायचे, हा या कलेचा मूळ नियम. कण्याकडून पाहणाऱ्यास केवळ नाव दिसते, मुखपृष्ठावरून पाहणाऱ्यास आमंत्रण मिळते. परंतु रहस्यकथांची मुखपृष्ठे शिल्लकच नव्हती! जे पुस्तक अधिक फिरते ते लवकर फाटते, जे फाटते ते बांधणीस जाते, आणि बांधणीहून परत येते ते करड्या पुठ्ठ्याचा एकच गणवेश चढवून. पिस्तूल रोखलेला नायक, पाठमोरी तरुणी, चंद्रप्रकाशातील वाडा, हे सारे त्या पुठ्ठ्याखाली कायमचे गाडले गेलेले. लोकप्रियतेनेच या पुस्तकांचे तोंड झाकले होते.

चित्र नाही तर शब्द, असे बाईंनी ठरविले, आणि शब्दांसाठी त्यांनी तहसील कचेरीच्या आवारात टेबल मांडून बसणाऱ्या एका वयोवृद्ध अर्जनवीस काकांना पाचारण केले. प्रत्येक पुस्तकाचा पंचनामा लिहावयाचा, असा तो बेत होता. घटनास्थळ, प्रेताची स्थिती, जप्त मुद्देमाल, संशयितांची संख्या, खाली दोन पंचांच्या सह्या. लेखकाचे नाव नाही, खुन्याचे तर नाहीच. हा मजकूर खाकी कागदावर उतरवून त्याच कागदात पुस्तक गुंडाळावयाचे. परदेशी ग्रंथालयांतून गुंडाळलेली पुस्तके वाचकांस देण्याची प्रथा आहे, परंतु तेथे कागदावर दोन-चार सूचक शब्द असतात. ‘सबब हा पंचनामा समक्ष लिहून दिला असे’ हा थाट त्यांस कोठून साधणार?

काकांनी अट घातली की आपण एकही पुस्तक वाचणार नाही. दिवसभर लोकांच्या खऱ्या भानगडी लिहून हात दुखतो, खोट्या कशाला वाचू, असे त्यांचे म्हणणे. बाईंनी कथानक सांगावे, त्यांनी ते कचेरीच्या भाषेत बसवावे, आणि खुनी कोण हे बाईंच्या तोंडून निसटू लागले की त्यांनी लेखणी वर उचलून धरावी, असा क्रम दोन दुपारी चालला. नारायण धारपांच्या भयकथांपाशी गाडी अडली. भुताचा पंचनामा करावा कसा, मुद्देमाल काय दाखवावा? अखेर ‘पंचांस समक्ष काही दिसले नाही, तथापि थंडी वाजली’ असा शेरा मारून काकांनी सुटका करून घेतली. सगळ्या मांडणीत मला तेच वाक्य सर्वांत सरस वाटले.

वरच्या घडवंचीवरील विज्ञानकथांना हा वेष मुळात शोभणारच होता. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती ना. वि. जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरे उलटी फिरवून. नाव झाकलेल्या त्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. पुढे ते नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षही झाले. विज्ञानकथा अशी दर्शनी कपाटात पोहोचली. खालच्या दोन घडवंच्या अद्याप वाट पाहत आहेत.

मांडणीची खरी परीक्षा ती विस्कटण्यात असते. सजावट बिघडेल या धास्तीने ‘हात लावू नये’ अशी पाटी लावणारी प्रदर्शने मी पाहिली आहेत. रंगनाथनांनी १९३१ साली प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळावा असे सूत्र मांडले, त्याचा याहून मोठा अवमान तो कोणता? येथे पुस्तक उचलले की रिकाम्या जागी ‘आरोपी फरार आहे, मुदतीत हजर होईल’ अशी चिठ्ठी उभी राही. पहिल्या सायंकाळी चार चिठ्ठ्या होत्या, तिसऱ्या दिवशी पुस्तकांपेक्षा चिठ्ठ्या अधिक. सोयाबीन विकून परतताना एक गृहस्थ डोकावले, खालच्या घडवंचीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, ‘‘मॅडम, मले भुताचंच पायजे. पण खरं भूत हाय ना त्यात? शेवटी मानूसच निंगते, तसं नोको.’’ बाईंनी मुळीच न हसता दोन पुडकी बाजूला काढून दिली. शाळकरी मुलींनी एकाच पुस्तकावर हक्क सांगितल्याने छोटी दरखास्तही दाखल झाली; तिचा निकाल ज्येष्ठतेने लागला.

पुस्तक परत करणारास ‘जबानी’ची वही पुढे केली जाई. खुन्याचे नाव न घेता मत लिहावयाचे. एकाने लिहिले होते, संशय मला आधीच आला होता. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, सर्वांना नंतर असेच वाटते.

मी निघालो त्या सायंकाळी अर्जनवीस काका कचेरी सुटल्यावर आले. मधल्या घडवंचीसमोर ते बराच वेळ उभे राहिले, स्वतःच्याच हातचा एक पंचनामा चष्मा वर करून वाचला, इकडे तिकडे पाहिले आणि ते पुडके पिशवीत टाकले. मग टेबलावरून कोरी चिठ्ठी ओढून आपल्या घोटीव वळणात ‘फरार’ असे लिहून त्यांनी ती रिकाम्या जागी नीट उभी केली.