फिरत्या तबकडीकडून स्थिर स्मृतीकडे

१९५६ साली आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचा संगणक जाहीर केला. त्याचा स्मृतिकोश सुमारे एक टन वजनाचा होता, आणि त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या अखंड फिरत असत. एवढ्या पसाऱ्यात मावत ती अवघी ५० लक्ष अक्षरे! आज एखाद्या छायाचित्रासही ती जागा अपुरी पडावी.

पुढे तबकड्या लहान झाल्या, त्यांची धारणशक्तीही अफाट वाढली. परंतु मूळ मर्यादा कायम राहिली. हवी ती नोंद वाचावयाची, तर वाचक-दांडी योग्य जागी सरकावी लागते व तबकडीचा तो भाग तिच्याखाली येईपर्यंत थांबावे लागते. शिवाय धक्का बसल्यास नाजूक भाग निकामी होण्याचे भय असतेच.

या फिरत्या भागांना कायमची रजा देणारे साधन म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, अर्थात ‘एसएसडी’. त्यातील असंख्य सूक्ष्म पेशींत विद्युत्-निरोधक आवरणाआड इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात. म्हणून वीज बंद झाली तरी नोंद टिकून राहते. या ‘फ्लॅश’ स्मृतीचे जनक म्हणजे तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका. त्यांनी १९८४ साली तिचा पहिला प्रकार व १९८७ साली ‘नँड’ हा दुसरा प्रकार जगापुढे मांडला. आजच्या एसएसडीत मुख्यत्वे हा दुसरा प्रकारच वापरला जातो.

आरंभी मात्र हे साधन सामान्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. १९९१ साली केवळ २० मेगाबाइटच्या एसएसडीस सुमारे एक हजार डॉलर, म्हणजे एका गिगाबाइटमागे जवळजवळ ५० हजार डॉलर पडत. २००८ साली हाच दर साडेसात डॉलरच्या आसपास आला, आणि २०२३ साली तर तो सुमारे पाच सेंटपर्यंत उतरला!

ही किमया कशी साधली? पेशी लहान करण्यात आल्या. एका पेशीत एकाऐवजी दोन, तीन व चार अंश साठविता येऊ लागले. जागा संपत आली, तेव्हा बैठ्या घरांच्या जागी माळ्यावर माळा चढवावा, तसे २०१३ साली पेशींचे २४ थर एकावर एक रचण्यात आले. आता थरांची संख्या २०० च्या वर गेली आहे. अर्थात भाव नेहमीच उतरत नाहीत. मागणी वाढली की ते चढतातही. मोठ्या साठ्यासाठी तबकडी अद्याप स्वस्तच पडते.

तरीही घरगुती वापरात एसएसडीची सरशी का होते, हे सहज ध्यानात येईल. संथ झालेल्या जुन्या संगणकात तबकडीच्या जागी ती बसविली, तर पुष्कळदा नवा संगणक घेण्याचा खर्च टळतो. मुलांच्या अभ्यासासाठी काटकसर करणाऱ्या कुटुंबास ही बचत लहान नव्हे.

मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. पुनःपुन्हा लिहिण्या-पुसण्याने पेशी झिजतात, आणि एसएसडी वर्षानुवर्षे विजेवाचून पडून राहिली, तर कोंडलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात. ती बिघडते तेव्हा कित्येकदा पूर्वसूचनाही देत नाही. म्हणून लग्नकार्याची छायाचित्रे, वडीलधाऱ्यांचे आवाज, महत्त्वाची कागदपत्रे यांची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी. स्मृती स्वस्त झाल्याचा खरा लाभ हाच की, दुसरी प्रत ठेवणे आता बहुतेक घरांना परवडू शकते.