केवडा, हळद आणि आलेखातले खड्डे

फलटणकडच्या उसावर केवडा पडला, पानं शिरांच्या मधे पिवळी दिसू लागली, की शेतकरी दुकानात जाऊन चिलेटेड फेरस मागतो. तासगावच्या द्राक्षबागेत चिलेटेड झिंकची फवारणीही नेहमीचीच. नुसता हिराकस आठाच्या वर सामू असलेल्या चुनखडी रानात टाकला, तर त्यातलं लोह गंजून बसतं. मुळांना मिळत नाही. म्हणून धातूला सेंद्रिय रेणूच्या पकडीत द्यायचं. असाच एक रेणू, ईडीटीए, धातूला सहा ठिकाणी धरू शकतो, दोन नायट्रोजननी आणि चार ऑक्सिजननी. जास्त चुनखडीत लोहावरची ही पकडही सुटते. तिथं ईडीडीएचए हा दुसरा, घट्ट पकडीचा रेणू लागतो, आणि त्याचा भाव ऐकून शेतकरी पुन्हा फवारणीकडे वळतो.

पुडक्यावर १२ टक्के झिंक लिहिलेलं असतं. तो आकडा टायट्रेशनने तपासता येतो, पण झिंक खरोखर पकडीत आहे की नुसतं शेजारी मिसळलंय, हे त्यातून कळत नाही. ते सांगतो अवरक्त वर्णपट. रेणूतले बंध सतत थरथरत असतात आणि प्रत्येक जण आपल्या लयीचा अवरक्त प्रकाश गिळतो. जिथं गिळला, तिथं आलेखात खड्डा. सेंटिमीटरमागे किती तरंग, या मापाने आलेख साधारण ४००० पासून ४०० पर्यंत जातो.

बुश आणि बेलार या रसायनशास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये ईडीटीएच्या संयुगांचे असे आलेख तपासले. मोकळ्या कार्बॉक्सिल गटाचा खड्डा १७०० ते १७५० मध्ये येतो. धातूने धरला की तो १५९० ते १६५० मध्ये उतरतो. झिंकसाठी १६०० च्या आसपास. पुडीत झिंक सल्फेट असेल तर ११०० जवळ रुंद, खोल खड्डा दिसतो. तेवढ्यावरून लगेच भेसळ म्हणू नये, तयार करतानाचं सोडियम सल्फेटही मागे राहिलेलं असू शकतं.

नमुना चिमूटभरच लागतो. पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर खलात घोटायचा आणि दाबून पारदर्शक चकती करायची. साताऱ्याच्या पावसाळ्यात हे काम जिवावर येतं. ब्रोमाइड हवेतला ओलावा ओढतं आणि पाण्याचे खड्डे ३४०० व १६४० ला हजर होतात. त्यातला दुसरा नेमका आपल्याला हव्या त्या जागेजवळ.

 ईडीटीएसारखंच सांगलीच्या हळदीतलं कुरकुमिनही धातू धरतं. रेणूच्या मधोमध दोन ऑक्सिजन आहेत, दोन्ही टोकांना फिनॉलचे गट. धातू बसल्यावर १६२८ चा खड्डा खाली सरकतो, ३५०० जवळचा फिनॉलचा मात्र सहसा टिकून राहतो. टोकं मोकळी आहेत, धातू मधेच बसलाय, हे यावरून ताडता येतं.

एवढ्यावर थांबावं. पण प्रबंधांमध्ये पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ४६० ला बारीक खड्डा दिसला, म्हणजे धातू आणि ऑक्सिजनचा बंध सिद्ध! मला हे घाईचं वाटतं. त्या भागात रेणूच्या स्वतःच्या वाकण्या-मुरडण्याचेही खड्डे असतात, आणि ४०० च्या खाली ब्रोमाइडची चकतीच प्रकाश अडवू लागते. वर्णपटांचे अभ्यासक नाकामोतो यांनी यावर चोख उपाय वापरला. एकच संयुग निकेल-५८ आणि निकेल-६२ या दोन समस्थानिकांपासून बनवायचं. जो खड्डा जड निकेलबरोबर काही आकडे खाली सरकेल, त्यात धातू हलतोय. जो जागेवरून हलणार नाही, तो सेंद्रिय रेणूचा. समस्थानिकं महाग असतात. ती परवडत नसतील तर प्रबंधात ‘सिद्ध’ऐवजी ‘संभवतः’ लिहावं, त्याला खर्च येत नाही.