नामांतर आंदोलन, मराठवाडा विद्यापीठ
औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव द्यावे, या मागणीसाठी १९७७ ते १९९४ या काळात झालेले आंदोलन. त्याचा उगम विद्यापीठाच्या आवारात, दलित विद्यार्थ्यांच्या चळवळीत झाला. परंतु त्याची सर्वांत मोठी किंमत विद्यापीठाचा उंबरठाही न पाहिलेल्या खेड्यांतील दलितांना मोजावी लागली.

मराठवाडा हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. उच्च शिक्षणासाठी येथील विद्यार्थ्यास हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे जावे लागे आणि तेथील अध्यापनाचे माध्यम उर्दू होते. अशा प्रदेशात आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने (स्थापना १९४५) १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले आणि त्याचा परिसर नागसेनवन या नावाने ओळखला जाऊ लागला. बौद्ध ग्रंथातील प्रश्नकर्ता राजा मिलिंद आणि त्यास उत्तरे देणारा भिक्षू नागसेन यांची नावे विद्यासंस्थेसाठी योजण्यामागील हेतू स्पष्ट आहे. मराठवाड्यात विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी आठ वर्षे हे महाविद्यालय उभे होते, ही गोष्ट नामांतराच्या मागणीचा पाया समजण्यास उपयोगी पडते. आंबेडकरांचे नाव मागणाऱ्यांच्या दृष्टीने तो केवळ गौरवाचा प्रश्न नव्हता. या प्रदेशातील उच्च शिक्षणावर असलेल्या त्यांच्या ऋणाची ती पोच होती.

मराठवाडा विद्यापीठाची स्थापना २३ ऑगस्ट १९५८ रोजी झाली. पुढील दोन दशकांत शिष्यवृत्त्या व वसतिगृहे यांच्या आधाराने खेड्यांतील दलित कुटुंबांतील पहिली शिकलेली पिढी नागसेनवनात आली. या पिढीस वसतिगृहाने निवारा तर दिलाच, शिवाय वाचन, वादविवाद आणि संघटना यांची सवय लावली. गंगाधर पानतावणे यांच्या अस्मितादर्श या नियतकालिकाभोवती दलित लेखकांचा एक वर्ग येथेच आकारास आला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरचे लोण औरंगाबादेस पोहोचले, तेव्हा तिला ऐकणारा सुशिक्षित तरुणवर्ग अगोदरच तयार होता.

१९७७ मध्ये दलित पँथरचे गंगाधर गाडे व अन्य कार्यकर्त्यांनी नामांतराची मागणी पुढे आणली. विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेने त्याच वर्षी तिला अनुकूल ठराव केला. २७ जुलै १९७८ रोजी शरद पवार मुख्यमंत्री असताना विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव संमत केला. तथापि ठराव म्हणजे कायदा नव्हे. विद्यापीठाचे नाव अधिनियमात असल्याने ते बदलण्यास अधिनियमाची दुरुस्ती आवश्यक होती आणि ती होण्यास पुढे सुमारे सोळा वर्षे लागली.

ठरावाची वार्ता पोहोचताच मराठवाड्यात विरोधाचा उद्रेक झाला. औरंगाबादेत त्याचे स्वरूप विद्यार्थ्यांचे मोर्चे, बंद व मोडतोड असे होते; ग्रामीण भागात मात्र दलित वस्त्या जाळणे, मारहाण, बहिष्कार आणि हत्या असे त्याने रूप घेतले. तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांत मिळून सुमारे १,२०० खेड्यांना त्याची झळ पोहोचल्याचा अंदाज आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी येथे ४ ऑगस्ट १९७८ रोजी झालेली पोचीराम कांबळे यांची हत्या या पर्वातील क्रौर्याचे प्रतीक ठरली.

या विरोधाची कारणे एकाच सूत्रात बसवता येत नाहीत. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारख्या हैदराबाद मुक्तिसंग्रामातील नेत्यांचा आक्षेप प्रादेशिक अस्मितेचा होता. ‘मराठवाडा’ हे नाव त्यांना त्या लढ्याची आणि मागास ठेवलेल्या प्रदेशाची खूण वाटे. हा आक्षेप प्रामाणिक असला, तरी खेड्यांतील जाळपोळीचे स्पष्टीकरण त्यातून मिळत नाही. दुष्काळी प्रदेशात नोकऱ्या मोजक्या होत्या आणि राखीव जागांमुळे आपली संधी हुकते, अशी सवर्ण विद्यार्थ्यांची भावना होती. गावात तर प्रश्न नावाचा राहिलाच नव्हता. परंपरेने नेमून दिलेली कामे नाकारणारा, गायरान कसणारा, मुलास शहरात शिकवणारा दलित हा जुन्या ग्रामव्यवस्थेला आव्हान वाटत होता. विद्यापीठाचे नाव हे त्याला धडा शिकवण्याचे निमित्त झाले.

या अनुभवानंतर आंदोलनाचे स्वरूप पालटले. विद्यार्थ्यांची मागणी महाराष्ट्रव्यापी झाली. नोव्हेंबर १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने ‘लाँग मार्च’ निघाला. पोलिसांनी तो वाटेत रोखला व हजारोंना अटक झाली. ६ डिसेंबर १९७९ या आंबेडकरांच्या स्मृतिदिनी औरंगाबादेत सत्याग्रह झाला. त्यात बाबा आढाव यांच्यासह समाजवादी कार्यकर्ते दलितांच्या बरोबरीने उतरले, ही बाब महत्त्वाची आहे. कारण नामांतर हा एकाच जातीचा प्रश्न होय, या प्रचारास त्यामुळे छेद गेला. १९८० च्या दशकात मोर्चे, सत्याग्रह व तुरुंगवास यांची मालिका अधूनमधून सुरू राहिली. प्रत्येक सरकारने मागणी तत्त्वतः मान्य केली आणि अंमलबजावणी पुढे ढकलली. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी या मागणीसाठी आत्मदहन केले.

अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे करण्यात आले. जुने नाव कायम ठेवून त्यात नवे जोडले गेल्याने या निर्णयास ‘नामविस्तार’ म्हणतात. अनेक कार्यकर्त्यांना या शब्दात तडजोडीचा वास आला. तरीही बहुतेकांनी निर्णयाचे स्वागत केले. त्याच वर्षी १७ सप्टेंबर रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि मुक्तिसंग्रामाच्या अग्रणी नेत्याचे नाव दुसऱ्या विद्यापीठास लाभले.

१४ जानेवारी हा दिवस नामविस्तार दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी विद्यापीठाच्या मुख्य प्रवेशद्वारापाशी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून लोक येतात. त्यांत विद्यार्थी असतात, तसेच कधी शाळेत न गेलेले वृद्ध स्त्रीपुरुषही असतात. पुस्तकांची दुकाने मांडली जातात, सभा भरतात, आणि पुष्कळ जण आत न जाता कमानीसमोर हात जोडून परततात.