साथीच्या दिवसांत कर्करोगाची विचारपूस

संस्थेच्या या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही उपयोगी मजकूर द्यावा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. आम्ही पेशाने शिक्षक. वैद्यकात आमचा अधिकार नाही. पण माहिती कोठून मिळवावी व ती कशी पारखावी हा प्रश्न शिक्षकाच्याही कक्षेत येतो, आणि त्या परीक्षेत आम्ही स्वतः एकदा नापास झालो आहोत. म्हणून हा विषय घेतला.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली. मुरारचा बाजार ओस पडला, प्रवासी गाड्या थांबल्या. त्याच सुमारास आमच्या आपांच्या गालाच्या आतील बाजूस एक जखम झाली. त्यांना तंबाखूची जुनी सवय. त्यांनी आम्हांस विचारले, कारण घरात शिकलेले आम्हीच. आम्ही म्हणालो, "आपा, आता दवाखान्यात जाल तर नसती साथ घरी आणाल. थोडे थांबा." शेजाऱ्यांनी मोबाइलवर हळद-लिंबाचा उपाय पाठविला, तोही झाला. असे चार महिने गेले. निदान झाले तेव्हा शस्त्रक्रिया मोठी करावी लागली, जबड्याचा काही भाग गेला. ईश्वरकृपेने आपा आज आमच्यात आहेत, पण त्यांना घास चावणे कठीण जाते. आमचे ते "थोडे थांबा" आम्हांस अजून टोचते.

ही चूक एका घरची नव्हती. राष्ट्रीय कर्करोग जाल या, २०१२ साली स्थापन झालेल्या रुग्णालयसंघातील ४१ केंद्रांची पाहणी २०२१ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या मासिकात प्रसिद्ध झाली. मार्च ते मे २०१९ मध्ये या केंद्रांत १,१२,२७० नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ५१,७६०. म्हणजे शेकडा ५४ घट. बाह्यरुग्ण म्हणून रसायनोपचार घेणाऱ्यांत मात्र घट शेकडा ३७ होती.

या दोन आकड्यांतील फरक पाहण्याजोगा आहे. प्रवासाची अडचण व संसर्गाची भीती दोघांनाही होती. पण ज्याचा उपचार चालू होता त्याच्याजवळ कागद होते, डॉक्टरांचे नाव होते, "पुढची मात्रा लांबवावी काय?" हे त्याला कोणास तरी विचारता येत होते. ज्याला नुकतीच गाठ लागली त्याला मात्र दारच ठाऊक नव्हते. तो घरच्यांना विचारी, आणि घरचे आमच्यासारखे! त्यातून खोकला, थकवा, वजन उतरणे ही लक्षणे दोन्ही रोगांत आढळत. मग जो तो आधी साथीचाच विचार करी.

दारे अगदीच बंद होती असे मात्र नव्हे. २५ मार्च २०२० रोजीच सरकारने दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले. नोंदणीकृत डॉक्टरांनी दूरध्वनीवरून सल्ला देण्यास त्यांत स्पष्ट मान्यता होती. एप्रिलमध्ये 'ई-संजीवनी'ची घरबसल्या डॉक्टरांस भेटण्याची सेवा सुरू झाली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, जे १९४१ पासून कर्करोग्यांची सेवा करीत आहे, त्या काळातही चालू होते. आपल्या ग्वाल्हेरीस तर 'कॅन्सर पहाडिया' या नावाने सर्वांस ठाऊक असलेले रुग्णालय आहे. पुढे १ मार्च २०२१ पासून ४५ वर्षांवरील व्याधिग्रस्तांस लस मिळू लागली. त्या व्याधींच्या यादीत कर्करोगही होता. तरीही "कर्करोग्याने लस घेऊ नये" असा निरोप आमच्या मोबाइलवर आला होता. या वेळी आम्ही तो पुढे पाठविला नाही. आपांच्या डॉक्टरांस विचारले आणि त्यांनी सांगितल्यावर लस दिली.

माहिती पारखण्याची रीत शाळेतल्या मुलालाही समजेल अशी आहे. सांगणाऱ्याचे नाव व पदवी आहे काय? तारीख आहे काय? तो चालू उपचार सोडावयास सांगतो काय? नाव नाही, तारीख नाही आणि औषध सोडा म्हणतो, तर तो निरोप तेथेच पुसावा. घरगुती उपायाने चित्तास बरे वाटत असेल तर डॉक्टरांस सांगून करावा, पण त्यापायी तपासणी लांबवू नये. तोंडातील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, स्तनात गाठ लागली, अकारण रक्त गेले, तर साथ असो वा नसो, डॉक्टरांस दाखवावे. जाणे अशक्य असेल तर निदान दूरध्वनीवर त्याच दिवशी विचारावे.

संस्थेच्या सभासदांस एक विनंती. प्रत्येक घरात एक कागद लिहून ठेवावा: जवळच्या रुग्णालयाचे नाव, ओळखीच्या डॉक्टरांचा क्रमांक, घरातील रुग्णांची औषधे. संस्थेच्या तरुणांनी वृद्धांच्या घरी जाऊन तो लिहून द्यावा. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगावे? पण ती येईल तेव्हा आपल्या कोणत्याही आपांस "थोडे थांबा" असे उत्तर मिळू नये, इतके तरी आपल्या हाती आहे.